लग्नाने मिळालेली खुर्ची

१९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापुढे एक प्रश्न आला. राष्ट्राध्यक्षाची पत्नी सरकारी अधिकारी असते की नसते? बिल क्लिंटन यांनी सत्तेवर आल्यानंतर पाचच दिवसांत आरोग्यसेवेच्या फेररचनेसाठी कृतिगट नेमला होता आणि त्याचं अध्यक्षपद हिलरी क्लिंटन यांच्याकडे सोपवलं होतं. कृतिगटाच्या बैठका बंद दाराआड चालत. डॉक्टरांच्या एका संघटनेने त्यावर दावा लावला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे सल्लागार समितीत सरकारबाहेरचा एक जरी सदस्य असला तरी बैठका लोकांना खुल्या ठेवाव्या लागतात. हिलरींना पगार नव्हता, नेमणूकपत्र नव्हतं, त्यांनी पदाची शपथ घेतलेली नव्हती. म्हणजे त्या बाहेरच्याच, असं दावेदारांचं म्हणणं. खालच्या कोर्टाला ते पटलं. २२ जूनला अपील न्यायालयाने ते फिरवलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी पूर्वापार सरकारी काम करत आल्या आहेत, त्यांच्या दिमतीला सरकारी कर्मचारी देण्याचा कायदाही आहे, तेव्हा या कायद्यापुरतं त्यांना सरकारी अधिकारी मानायला हरकत नाही, असा तो निकाल. तिघांपैकी एका न्यायाधीशाला निष्कर्ष मान्य होता, पण हे कारण मान्य नव्हतं.

मला हा निकाल आजही खटकतो. बैठकांची दारं लावून घेण्यापुरत्या त्या अधिकारी ठरल्या. पण अधिकाऱ्याला जी उत्तरं द्यावी लागतात, सिनेटपुढे जी तपासणी होते, चुकलं तर जी खुर्ची सोडावी लागते, त्यातलं काहीच त्यांना लागू नव्हतं. १९९४ च्या सप्टेंबरात ती आरोग्ययोजना बारगळली. राजीनामा कुणाचा मागायचा? ज्यांनी आखणी केली त्यांना काढता येत नव्हतं, कारण त्यांना मुळात नेमलंच नव्हतं. त्या लग्न करून आल्या होत्या.

अमेरिकेच्या ‘फर्स्ट लेडी’बद्दल लिहिताना आपल्याकडेही आणि तिकडेही ‘पहिलेपणा’च्या याद्या द्यायची पद्धत आहे. लूसी हेज पदवीधर असलेल्या पहिल्या. हेलन टाफ्ट १९०९ च्या शपथविधीनंतरच्या मिरवणुकीत नवऱ्याशेजारी गाडीत बसलेल्या पहिल्या. फ्लॉरेन्स हार्डिंग यांनी १९२० मध्ये नवऱ्याला मत दिलं, तेही पहिल्यांदाच, कारण अमेरिकी स्त्रियांना देशभर मताचा हक्क त्याच वर्षी मिळाला. लेडी बर्ड जॉन्सन यांनी १९६५ मध्ये शपथविधीला बायबल हातात धरलं. पॅट निक्सन १९६९ मध्ये व्हिएतनामच्या युद्धक्षेत्रात गेल्या. लॉरा बुश यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं साप्ताहिक रेडिओ भाषण एकटीने केलं. वाचायला छान वाटतं. पण यातल्या बहुतेक गोष्टींचा अर्थ इतकाच की तोवर बायकांना जे करू दिलं जात नव्हतं, ते यावेळी करू दिलं. कर्तृत्व त्यांचं, परवानगी मात्र नवऱ्याच्या पदाची.

आणि या याद्यांच्या मागे जे उरतं ते कुणी मोजत नाही. हेलन टाफ्ट यांना त्या मिरवणुकीनंतर दोनच महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली. व्हाइट हाउसच्या मेजवान्या मात्र थांबणार नव्हत्या. मग यजमानीण म्हणून उभं राहायला बहिणी आल्या आणि मुलगी ब्रिन मॉरचं कॉलेज मध्येच सोडून आली. ही मुलगी पुढे इतिहासाची प्राध्यापक आणि त्याच कॉलेजची डीन झाली, म्हणजे तिच्या डोक्यात काय होतं याची कल्पना करता येते. तरी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पाहुण्यांचं स्वागत करायला तिने अभ्यास बाजूला ठेवावा, यात कुणालाही काही गैर वाटलं नाही. घरची बाई आजारी पडली की दुसऱ्या बाईने पदर खोचून उभं राहायचं, हा नियम जगातल्या बलाढ्य घरातही तसाच होता.

राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांची गोष्ट तर अमेरिकी शाळांतून सांगितली जाते. २४ ऑगस्ट १८१४. ब्रिटिश सैन्य वॉशिंग्टनमध्ये शिरत होतं, राष्ट्राध्यक्ष बाहेर सैन्याबरोबर, आणि डॉलींनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचं मोठं तैलचित्र वाचवलं. चित्र भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलेलं होतं, चौकट फोडावी लागली. त्या दिवशी घरात पॉल जेनिंग्स नावाचा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा होता. त्याने १८६५ मध्ये छापलेल्या आठवणींत स्पष्ट लिहिलं की चित्र उतरवलं ते दरवान सूसा आणि माळी मॅग्रॉ यांनी. डॉलींनी हुकूम दिला असेल, त्यांच्या पत्रात तसं आहे, आणि बाका प्रसंग ओळखून निर्णय घेणं ही लहान गोष्ट नाही. पण शिडीवर चढलेल्यांची नावं गोष्टीतून गळाली. १८४६ मध्ये डॉलींनी या जेनिंग्सलाच दोनशे डॉलरला विकलं. फर्स्ट लेडींचं कौतुक करताना त्या घरात काम कोण करत होतं हेही बघावं लागतं.

सत्ता हातात आली पण जबाबदारी आली नाही, याचं सर्वांत भयंकर उदाहरण एडिथ विल्सन यांचं आहे. २ ऑक्टोबर १९१९ ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना जबर झटका आला, डावी बाजू लुळी पडली. त्यानंतर कित्येक आठवडे मंत्रिमंडळाला, संसदेला, देशाला खरी प्रकृती कळू दिली नाही. कागद यायचे ते एडिथ यांच्याकडे. कोणता आत न्यायचा, कोणता पडू द्यायचा, हे त्या ठरवायच्या. बाहेर यायचे ते त्यांच्या हस्ताक्षरातले निरोप. ब्रिटनने पाठवलेले एडवर्ड ग्रे यांच्यासारखे ज्येष्ठ मुत्सद्दी वॉशिंग्टनमध्ये काही महिने थांबून राष्ट्राध्यक्षांना न भेटता परत गेले. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका स्वतःहून बोलावल्या, म्हणून फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांना घालवलं गेलं. आणि हा काळ काही सुस्तावलेला नव्हता. १९ नोव्हेंबर १९१९ ला सिनेटने पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह नामंजूर केला; राष्ट्रसंघाची स्थापना याच तहात होती. राष्ट्रसंघात अमेरिका कधीच गेली नाही.

एडिथ यांनी पुढे आठवणी लिहिल्या. मी एकही सार्वजनिक निर्णय घेतला नाही, महत्त्वाचं काय आणि कोणती गोष्ट केव्हा त्यांच्यापुढे ठेवायची एवढंच मी ठरवत होते, असं त्या सांगतात. ज्याने एखाद्या साहेबाच्या कार्यालयात आठ दिवस काढले असतील त्याला कळेल की फाईल टेबलावर कधी जाते हे ठरवणं हाच कारभार. एडिथ यांना वाईट ठरवायचा माझा हेतू नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला, डॉक्टर सांगतात की ताण देऊ नका, अशा वेळी बायको दारात उभी राहणारच. त्यांच्या मनात नवरा होता, आणि ते साहजिक आहे. देश कुणाच्या मनात होता, हा प्रश्न विचारायला हवा होता तो राज्यघटनेने. घटना गप्प होती. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाल्यास काय करायचं हे नीट लिहून ठेवणारी पंचविसावी दुरुस्ती १९६७ मध्ये आली, म्हणजे जवळपास अर्धशतकाने. त्या दुरुस्तीतही राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ, संसद सगळे आहेत. दारात उभी असलेली पत्नी नाही.

याच्या उलट टोकाला एलेनॉर रूझवेल्ट. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. ६ मार्च १९३३ पासून त्यांनी पत्रकार परिषदा घेतल्या आणि त्यांना फक्त स्त्री पत्रकारांना प्रवेश ठेवला. मंदीचे दिवस, वर्तमानपत्रं माणसं कमी करत होती. बातमी हवी तर बाई नोकरीवर ठेवा, एवढा सरळ हिशेब. १९३५ च्या अखेरीपासून त्यांचा स्तंभ सुरू झाला आणि तो त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत चालला. तरीही १९४१ मध्ये नागरी संरक्षण कार्यालयात त्यांनी बिनपगारी उपसंचालकपद घेतलं, तेव्हा पाच-सहा महिन्यांतच संसदेतून इतकी ओरड झाली की फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांना काम येत नव्हतं असं कुणी सिद्ध केलं नाही. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोवर टीका करायची म्हणजे राष्ट्राध्यक्षावरच करायची, आणि तिचं कौतुक म्हणजेही त्यालाच खूश करणं, अशा ठिकाणी कामाचं खरं मोल होतच नाही.

त्यांचं सर्वांत मोठं काम झालं ते विधवा झाल्यावर. १९४५ मध्ये ट्रुमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून नेमलं. सिनेटने त्या नेमणुकीवर मत दिलं. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर होईपर्यंत वाद, मसुदे, रात्री उशिरापर्यंतच्या बैठका सगळं निभावलं. त्याच आयोगात भारताच्या हंसा मेहता होत्या, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. पहिल्या कलमातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून तिथे ‘सर्व माणसं’ यावं यासाठी त्या अडून बसल्या आणि ते झालं. एकाच टेबलाशी बसलेल्या या दोघींकडे मला बघावंसं वाटतं ते एवढ्यासाठी की दोघीही तिथे आपापल्या देशाने नेमल्या म्हणून होत्या. कुणाचा हात धरून कुणी आलं नव्हतं.

रोझलिन कार्टर यांच्या बाबतीत तर व्यवस्थेने आपला गोंधळ कागदावरच उतरवला. १९७७ मध्ये मानसिक आरोग्यावरच्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद त्यांना द्यायचं ठरत होतं. या विषयाचा त्यांचा अभ्यास नवरा जॉर्जिया राज्याचा राज्यपाल होता तेव्हापासूनचा. पण नातेवाईकांना सरकारी पदावर नेमायला मनाई करणारा १९६७ चा कायदा आडवा आला, म्हणून त्यांना ‘मानद’ अध्यक्ष केलं. काम त्याच करणार, गावोगावच्या सुनावण्यांना त्याच बसणार, १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायलाही त्याच जाणार. आणि १९७८ मध्ये एक कायदा झाला की राष्ट्राध्यक्षाला त्याच्या कर्तव्यात पत्नी जी मदत करेल त्यासाठी तिला सरकारी कर्मचारी मिळतील. म्हणजे मदतनिसांना पगार, आणि ज्या बाईला ते मदत करतात तिला पद नाही. त्यांच्या धडपडीतून आलेला मानसिक आरोग्याचा कायदा १९८० मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी रेगन सरकारने त्याचा बराच भाग गुंडाळला. पदावर बसलेल्या माणसाने लढून वाचवला असता का, सांगता येत नाही. पण लढायला जागा तरी असती.

जाता जाता एक सांगण्याचा मोह आवरत नाही. याच कार्टर कुटुंबातल्या लिलियन कार्टर, म्हणजे जिमी कार्टर यांच्या आई, १९६६ ते १९६८ या काळात पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या विक्रोळीत राहिल्या होत्या. वय अडुसष्ट. पेशा परिचारिकेचा. मुलगा तेव्हा राज्यपालही झालेला नव्हता. अर्ज भरून, प्रशिक्षण घेऊन आलेल्या त्या बाईंनी विक्रोळीच्या दवाखान्यात केलेलं काम कुणाच्याही नात्यावर उभं नव्हतं.

माझं म्हणणं आता स्पष्ट करतो. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीचं हे पद, जे घटनेत नाही, निवडणुकीत नाही, पगारपत्रकात नाही, ते बंद करावं. बाईला गप्प बसवण्यासाठी नाही, मोकळं करण्यासाठी. पाहुणचाराचं काम पगारी माणसांनी करावं. व्हाइट हाउसमध्ये पगारी सामाजिक सचिव विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेच. धोरणाचं काम करायचं तर रीतसर नेमणूक, रीतसर पगार, रीतसर जाब. आणि जोडीदाराने आपली नोकरी, आपला व्यवसाय करत राहावं.

यावर पहिला आक्षेप येतो की पदामुळे चांगलीही कामं झाली. झाली, आणि बेटी फोर्ड यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागेल. सप्टेंबर १९७४ मध्ये त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या काळी हा शब्द चारचौघांत उच्चारला जात नसे. देशभर बायकांनी तपासण्या करून घेतल्या. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नामनिर्देशित झालेले नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नीला स्वतःच्या तपासणीत गाठ सापडली ती अवघ्या काही आठवड्यांत. पण यासाठी कार्यालय लागलं नाही, फायली लागल्या नाहीत. लागलं ते खरं बोलण्याचं धैर्य, आणि लोकांचं लक्ष, जे प्रसिद्ध माणसाकडे असतंच. ते कुणी काढून घ्या म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, की बायको रात्री जेवताना नवऱ्याला काय सांगते यावर कायदा कसा करणार? करूच नये. सल्ला कुणीही कुणाला द्यावा. प्रश्न जेवणाच्या टेबलाचा नाही. प्रश्न आयोगाचा, सरकारी विमानाचा, कर्मचाऱ्यांचा आणि बंद दारांचा आहे. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी जावई जॅरेड कुशनर यांना वरिष्ठ सल्लागार केलं, तेव्हा त्याला मोकळीक देणाऱ्या कायदेशीर मतातही १९९३ च्या त्या निकालाची चर्चा होती. बायकोसाठी किलकिलं केलेलं दार जावयाच्याही कामी येतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. पंचायतीत आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, आणि गावोगाव सरपंचपती तयार झाले. ग्रामसभेत बाई खुर्चीवर, शेजारी नवरा. प्रश्न बाईंना, उत्तर नवऱ्याचं. ग्रामसेवक कागद घेऊन येतो तो घरी, आणि सही होण्याआधी वाचतो तो नवरा. आपण याला ठणकावून चूक म्हणतो, कारण गावाने त्याला निवडलेलं नाही. तोच न्याय वॉशिंग्टनला लावायला आपण का कचरतो? तिकडे बाई हुशार आहे, देखणी आहे, मुलांत रमते, म्हणून? नोव्हेंबर २०१० मध्ये मिशेल ओबामा मुंबईत मुलांबरोबर नाचल्या, आपल्याला त्या फार आवडल्या, मलाही आवडल्या. पण हार्वर्डमधून कायदा शिकलेल्या, शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयांत उपाध्यक्षपदावर काम करणाऱ्या या बाईला नवरा निवडून आला म्हणून ती नोकरी सोडावी लागली, याचं दुःख किती जणांनी केलं?

उलट बाजूही आपल्याच घरची आहे. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत स्वतः अमरावतीचे आमदार आणि महापौर राहिलेले. राष्ट्रपती भवनातले पडदे कुठल्या रंगाचे निवडले, मेजवानीत काय वाढलं, कोणत्या सामाजिक प्रश्नाला ‘वाहून’ घेणार, हे त्यांना विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. जर्मनीत अंगेला मर्केल यांचे पती योआखिम झाउअर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. २००५ मध्ये पत्नीच्या शपथविधीलाही ते गेले नाहीत. मर्केल सोळा वर्षं चॅन्सेलर होत्या. देशाचं काही अडलं नाही.

फ्रान्सने निदान लिहून ठेवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये ब्रिजित माक्राँ यांना अधिकृत दर्जा देण्याच्या विचाराविरुद्ध जवळपास तीन लाख सह्या झाल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ऑगस्टमध्ये एक सनद जाहीर केली: पगार नाही, वेगळं अंदाजपत्रक नाही, कामं कोणती आणि मदतनीस किती ते हे. मला हे अर्धवट वाटतं, पण हिशेब मागता येतो.

खरं काम चिलीने केलं. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या जोडीदाराकडे आपोआप सहा प्रतिष्ठानांचं अध्यक्षपद यायचं. बालवाड्यांचं मोठं जाळं, स्त्रियांच्या विकासाची संस्था, मुलांचे वाद्यवृंद, हस्तकला, एक विज्ञान संग्रहालय, कुटुंबांसाठीची एक संस्था. बालवाड्या कोण चालवणार हे राष्ट्राध्यक्षाने लग्न कुणाशी केलं किंवा कुणाबरोबर राहतो यावर ठरायचं! डिसेंबर २०२१ मध्ये गाब्रिएल बोरिच निवडून आले आणि मार्च २०२२ मध्ये सत्तेवर आले. त्यांच्या जोडीदार इरिना कारामानोस यांनी ते पद घेतलं आणि घेताना सांगितलं की मी ते मोडणार आहे. मग मंत्रालयांशी बोलून, नियमावल्या बदलून, एकेक प्रतिष्ठान संबंधित खात्याकडे सोपवलं. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस त्या बाहेर पडल्या. बालवाड्या चालू राहिल्या. इतक्या कंटाळवाण्या, कागदपत्रांनी भरलेल्या कामाचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्यांचं नाव आपल्याकडे फारसं पोचलं नाही. माझ्या मते पहिलेपणाच्या सगळ्या याद्यांत बसणाऱ्या बायकांपेक्षा त्यांनी पुढच्या बायकांसाठी जास्त केलं.

अमेरिकेत याच दिशेचं एक पाऊल पडलं आहे. जिल बायडन यांनी २०२१ पासून नवऱ्याच्या कारकिर्दीत नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजातलं शिकवणं सोडलं नाही. व्हाइट हाउसबाहेर पगारी नोकरी करणाऱ्या त्या पहिल्या फर्स्ट लेडी. प्रवासात विमानात बसून त्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासायच्या. नावामागे ‘डॉक्टर’ लावतात म्हणून डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात त्यांना उपदेशही करून झाला होता, तरी त्या वर्गात गेल्या. दोनशे वर्षांच्या ‘पहिल्यां’त मला हा एक सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नवऱ्याच्या निवडणुकीने मिळालेला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसची ईस्ट विंग पाडली गेली, मेजवानीचं मोठं दालन बांधण्यासाठी. रोझलिन कार्टर यांच्यापासून फर्स्ट लेडीचं कार्यालय त्याच इमारतीत होतं. इमारतीबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ लेख तिकडे आले. नव्या बांधकामात त्या कार्यालयाला खोल्या द्यायच्या की नाहीत, यावर संसदेने आत्ताच चर्चा घ्यावी आणि १९७८ च्या कायद्यातलं पत्नीच्या मदतनिसांचं कलम त्याच वेळी पटलावर आणावं. पुढच्या राष्ट्राध्यक्षाचा जोडीदार शिक्षक असेल, वकील असेल, शेतकरी असेल, पुरुष असेल किंवा स्त्री. त्याच्या वाट्याला कोणतं काम येणार आणि कोणतं येणार नाही, हे त्याला निवडणुकीआधी वाचायला मिळायला हवं.